परत येण्याचा पुरावा

लामाराला बाकी सगळं म्हणता येत होतं. फक्त “मला मुलगी नाही” एवढं म्हणता येत नव्हतं.

“पुन्हा एकदा,” खिडकीतून शेजारचा झौरी म्हणाला.

तो स्वयंपाकघरात बसला होता. लामाराच्याच खुर्चीवर, लामाराच्याच टेबलाशी, लामारानंच भाजलेली चीजची पोळी खात. लामारा बाहेर अंगणात खिडकीसमोर उभी होती. अमेरिकेच्या वकिलातीत व्हिसा मागताना असंच असतं, असं तेलावी शहरातल्या एजंट ग्वान्त्सानं सांगितलं होतं. साहेब काचेच्या आत बसतो, माणूस बाहेर उभा राहतो. इथं काच नव्हती, म्हणून झौरीनं माशा अडवायच्या जाळीचा पल्ला ओढून घेतला होता.

“अमेरिकेत तुमचं कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मुलंबाळं?”

लामारानं तोंड उघडलं, मिटलं आणि जाळीतून आत पाहिलं. “पोळी गार झाली असेल. दुसरी शेकू का?”

“अगं, साहेबाला पोळीचं काय विचारतेस?”

“माणूस समोर बसून खातोय आणि मी विचारायचं नाही?”

“तिथला साहेब खाणार नाही.”

“मग तू का खातोयस?”

झौरीनं हातातला तुकडा ताटलीत ठेवला आणि मोठ्या कष्टानं चेहरा कडक केला. “मुलंबाळं?”

“आहे की. इर्मा,” लामारा म्हणाली, आणि डोक्याच्या रुमालाचं टोक तिनं डोळ्यांना लावलं.

“झालं,” झौरी म्हणाला. “गेली पुन्हा हातची अमेरिका.”

इर्मा बारा वर्षांपूर्वी फिरायला म्हणून न्यू यॉर्कला गेली ती परत आलीच नाही. फिरण्याच्या व्हिसावर गेलेली माणसं तिकडंच राहतात, हे गावात कुणाला नवीन नव्हतं. दर गल्लीतलं एखादं घर त्यावरच चाललं होतं. ती तिथं कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईची सेवा करायची आणि स्वतःच्या आईला पैसे पाठवायची. एकदा तो देश सोडला की पुन्हा आत घेणार नाहीत, म्हणून बाप गेला तेव्हाही ती आली नाही. अंत्ययात्रा तिनं फोनमध्ये पाहिली. फोन झौरीनं धरला होता आणि त्याचं लक्ष शवपेटीकडं होतं, त्यामुळं बराच वेळ तिला नुसतं जर्दाळूचं झाड दिसत राहिलं.

नवऱ्याला, तेन्गिझला, पोचवून आल्यावर लामाराच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. आता पुढची पाळी आपली. तेव्हाही इर्मा येणार नाही. म्हणजे भेट व्हायची तर आधीच व्हायला हवी, आणि तिला येता येत नाही तर आपणच जायला हवं. एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि परत यायचं. पुढं जे व्हायचं ते होवो. इर्माला तिनं यातलं काही कळवलं नव्हतं. जमतंय की नाही कुणास ठाऊक. पोरीनं उगाच वाट बघत बसू नये.

ग्वान्त्साचं ऑफिस तेलावीत औषधाच्या दुकानावर होतं. मुलगी तरुण, पण अर्ध्या जिल्ह्याला तिनं खिडकीपुढं उभं राहायला शिकवलं होतं.

“मावशी, मुलगी आहे म्हणालात की संपलं,” ती म्हणाली. “ती अशीच गेली आणि राहिली. साहेब म्हणणार, आईपण राहणार. तुमचं तिथं कोणी नाही. पुतळा बघायचा, पूल बघायचा आणि आठवड्यात परत.”

“आणि पुतळा नाही बघितला तर?”

“नका बघू. पण म्हणायचं.” मग तिनं लामाराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आणि हे काळं नको.”

तेन्गिझ गेल्यापासून लामारानं काळ्याशिवाय अंगाला दुसरा रंग लावला नव्हता. “मी विधवा आहे गं.”

“तेच तर. साहेब म्हणेल, हिचं इथं काही उरलंच नाही, ही परत कशाला येते? रंगाचं काहीतरी घाला. आणि एकट्या जाऊ नका. या वयाची बाई एकटीच पुतळा बघायला चालली, हे कुणाला पटणार? आणि मावशी, परत येणार याचा पुरावा आणा. साहेबाला दिसलं पाहिजे, की हिला इथं बांधून ठेवणारं काहीतरी आहे.”

इतक्या गोष्टी एकदम डोक्यात घेऊन लामारा घरी आली. येताना वाटेतच तिनं झौरीचं फाटक ढकललं. झौरी वेलींना धागे बांधत होता.

“मी? अमेरिकेला?” तो म्हणाला. “मला तेलावीच्या बाजारात वाट सापडत नाही.”

“तू तेन्गिझचा मित्र ना?”

“होतो.”

“मग?”

झौरीनं उरलेले धागे खुंटीला टांगले. त्यानं पासपोर्ट काढला, आणि लामारानं डुकराचं पिल्लू विकून दोघांची फी भरली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सराव चाले. साहेब होण्यासाठी झौरीइतका नालायक माणूस अख्ख्या काखेती प्रांतात शोधून सापडला नसता. गावातल्या प्रत्येक पंगतीत प्याला उचलून पहिले चार शब्द बोलायचा मान त्याचा. दारात आलेल्या माणसाला पाजल्याशिवाय पाठवायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. दोन प्रश्न झाले, की त्याचा हात सुरईकडं जायचा. तिसऱ्या प्रश्नाला तो जाळीचा पल्ला उघडून लामाराला प्याला द्यायचा, आणि मग साहेबानं अमेरिकेच्या नावानं, पुतळ्याच्या नावानं, गेलेल्यांच्या नावानं चार शब्द बोलणं आलंच. शेवटी तो प्याल्याचा तळ सांडलेल्या वाइनमध्ये बुडवायचा, मेणकापडावर दाबायचा आणि म्हणायचा, “मंजूर.”

टेबलभर लाल गोल उमटले होते. नामंजूर झालं तर काय करायचं, याचा सराव दोघांनी एकदाही केला नाही.

रंगाच्या कपड्याचा प्रश्न पेटीनं सोडवला. इर्मा जाताना मागं ठेवून गेलेला एक निळा झगा पेटीत होता. तो लामाराच्या खांद्यांवरून कसाबसा उतरला आणि कमरेशी अडकला. तेव्हा तिनं दोन्ही बाजू उसवल्या आणि जुन्या पडद्याच्या निळ्या कापडाची चार-चार बोटं रुंद पट्टी दोहोंकडं जोडली. आरसा छोटा होता, सगळी लामारा त्यात मावेना, म्हणून झगा कसा दिसतो हे बघायला ती फाटकापर्यंत चालून आली.

समोरच्या घरची त्सिआला कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिचा हात हवेतच राहिला.

“निळं?” त्सिआलानं विचारलं.

“मापात बसतोय का बघत होते,” लामारा म्हणाली.

“बसतोय की,” त्सिआला म्हणाली, आणि कोंबड्यांना तसंच टाकून घरात गेली.

आता राहिला पुरावा. घराचा कागद होता, पण घराची भिंत फुगलेली. कोंबड्या होत्या, पण कोंबड्यांसाठी अमेरिकेहून कोण परत येतं? माणसांमध्ये म्हणाल, तर एक झौरी, आणि तो तर बरोबरच चालला होता.

“मला इथं बांधून ठेवणारं काय आहे रे?” लामारानं विचारलं.

झौरीनं बराच विचार केला. “तेन्गिझ,” तो म्हणाला.

आणि तेव्हा लामाराला दगड आठवला. तेन्गिझच्या थडग्यावर माणूसभर उंच काळा दगड उभा होता. त्यावर डावीकडं तेन्गिझचा हुबेहूब चेहरा कोरलेला, आणि उजवीकडं लामाराचा. कोरणारा म्हणाला होता, आत्ताच दोन्ही करून घ्या, चेहरे एकसारखे येतात. नंतर केलं की एक नवा दिसतो, एक जुना. लामाराला ते पटलं होतं. गावात सगळ्याच जोडप्यांचं तसं होतं. तिच्या चेहऱ्याखाली नाव होतं, जन्माचं साल होतं, एक आडवी रेघ होती, आणि पुढची जागा कोरी. म्हणजे अगदी कोरी नाही. कोरणाऱ्यानं मागाहून तेवढंच काम कमी म्हणून मरणाच्या सालाचे पहिले दोन आकडे आधीच घालून ठेवले होते.

“याच्याहून पक्का पुरावा कुणाकडं असेल?” लामारा म्हणाली. “माझी जागा केलेली आहे. नाव घातलेलं आहे. मी कुठं जाणार?”

झौरीला ते इतकं पटलं, की त्यानं बादली, ब्रश आणि फोन उचलला आणि दोघं टेकडीवरच्या दफनभूमीत गेली. झौरी कामाला लागला की मनापासून लागतो. त्यानं दगड धुतला, गवत कापलं, पायथ्याशी कायम असणारी कागदी फुलं उचलून बाजूला ठेवली, आणि दगड वरपासून खालपर्यंत आरशासारखा लख्ख केला. मग तो लामाराला म्हणाला, “तू शेजारी उभी राहा. चेहरा तुझाच आहे हे कळायला पाहिजे. आणि तो निळा झगा घालून ये. साहेबाला वाटायला नको, की दगडावरची वेगळी आणि खिडकीतली वेगळी.”

लामारा घरी जाऊन झगा घालून आली. येता-जाता दोन्ही वेळा ती त्सिआलाच्या दारावरून गेली.

संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं, की लामारानं काळं उतरवलं, झौरीबरोबर तेन्गिझच्या थडग्यावर जाऊन दोघांनी त्याची परवानगी घेतली, झौरीनं दगड धुऊन दिला, आणि आता दोघं अमेरिकेत लग्न करणार. त्सिआलाची भाची न्यू यॉर्कमध्येच असते. तिथं बातमी पोचायला किती वेळ लागणार?

रविवारी इर्माचा फोन आला. नेहमीसारखी ती पांढऱ्या कपाटांच्या मोठ्या स्वयंपाकघरात उभी होती, नेहमीसारखा डोक्याला रुमाल बांधलेला.

“आई,” ती म्हणाली, “तू झौरीकाकाशी लग्न करतेयस?”

लामाराला हसावं की रडावं कळेना. खरं सांगावं, तर सगळं फुटेल. “कोण म्हणालं?”

“माझा निळा झगा घालून फिरतेयस म्हणे.”

“ऊन द्यायला काढला होता.”

“अंगावर घालून ऊन देतात?”

लामारानं फोन दुसऱ्या हातात घेतला.  इर्माच्या मागं कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात इंग्रजीत हाक मारत होतं.

“हवं तर कर गं आई,” मग इर्मा हळूच म्हणाली. “मी काही वाईट वाटून घेणार नाही. एकटी आहेस तू. मी तर येऊ शकत नाही.”

फोन बंद झाल्यावर लामारा मेणकापडावरच्या लाल गोलांकडं बघत कितीतरी वेळ बसून राहिली. मग उठून अंगणात गेली, रिकाम्या खिडकीसमोर उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “मला मुलगी नाही.”

पहिल्यांदाच जमलं. ऐकायला झौरी नव्हता.

फोटो तेलावीच्या दुकानातून मोठा करून मिळाला तो मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी. ग्वान्त्सा तेव्हा ऑफिस बंद करून गेली होती. तिला दाखवायचं राहिलं. लामाराला त्याचं काही वाटलं नाही. यात न समजण्यासारखं काय होतं?

राजधानीत, तिबिलिसीत, वकिलातीच्या दारावर पहारेकऱ्यानं तिची पिशवी काढून घेतली. पिशवीत साहेबासाठी अक्रोडाच्या माळा होत्या, द्राक्षरसात बुडवून वाळवलेल्या. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं?

“हे आत चालत नाही आजी,” पहारेकरी म्हणाला.

“मग तू खा एक. बाकीच्या आल्यावर घेते.”

आत खिडक्या होत्या, काच होती, आणि काचेमागं साहेब होता. तो इर्माहूनही लहान दिसत होता. त्याच्या शेजारी आपल्यातलीच एक मुलगी उभी होती, दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडं करायला. लामारानं खोल श्वास घेतला. साहेबापुढं ताटली नव्हती. ते एक बरं झालं.

“अमेरिकेला कशाला जाताय?”

“पुतळा बघायला. पूल बघायला.”

“तिथं तुमचं कोणी आहे?”

“कोणी नाही,” लामारा एका दमात म्हणाली. “मला मुलगी नाही.”

मुलीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. शेजारच्या मुलीनं लामाराकडं एकदा पाहिलं, आणि साहेबाला सांगताना पहिलंच वाक्य सांगितलं. पुढचं वगळलं. इंग्रजी कळत नसलं तरी वाक्य किती आखूड झालं, ते लामाराला कळलं.

“तुम्ही परत याल हे कशावरून?”

या प्रश्नाची तर लामारा वाटच बघत होती. तिनं फोटो काचेखालच्या फटीतून सरकवला. साहेबानं तो हातात घेतला, बघितला, फिरवून बघितला, मग काचेतून लामाराकडं बघितलं.

“हे कोण?”

“नवरा.”

“आणि या?”

“मी.”

“आणि शेजारी उभ्या आहेत त्या?”

“त्याही मीच.”

साहेबानं फोटोतल्या रेघेवर बोट ठेवलं. “इथं तारीख अर्धीच आहे.”

“राहिलीय ती,” लामारा म्हणाली. “परत आल्यावर भरायची.”

साहेब हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की लामाराला वाटलं, आता हा प्याला उचलून चार शब्द बोलणार. पण त्यानं फोटो आणखी जवळ घेतला आणि अगदी तळाशी बोट ठेवून मुलीला काहीतरी विचारलं. मुलीनं वाकून पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

मग लामारालाही आठवलं. दगडाच्या पायथ्याशी एक ओळ होती. ती नेहमी कागदी फुलांमागं असायची; दर रविवारी दगड बघून-बघून लामाराला ती दिसेनाशीच झाली होती. झौरीनं फुलं उचलली होती. झौरीनं ब्रश मारला होता. प्रत्येक अक्षर वाचता येत होतं.

मुलीनं हळू आवाजात वाचलं: “लाडक्या बाबांना, न्यू यॉर्कहून मुलगी इर्मा.”

दगडाचे पैसे इर्मानं पाठवले होते. आपली पोर कुठं आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून न्यू यॉर्कचं नाव लामारानंच हौसेनं घालायला लावलं होतं.

“इर्मा कोण?” साहेबानं विचारलं.

भाची म्हणावं, सावत्र म्हणावं, असलं काहीतरी ग्वान्त्सानं शिकवलं होतं. पण फोटोतून तेन्गिझ सरळ बघत होता. त्याच्यासमोर पोरीला दुसऱ्यांदा नाही म्हणणं लामाराच्यानं होईना.

“माझी मुलगी,” ती म्हणाली.

“मग तिथं कोणी नाही असं का म्हणालात?”

“तसं म्हणायचं असतं, असं सांगितलं होतं मला.”

साहेबानं पुन्हा फोटोकडं पाहिलं. “वडिलांच्या वेळी ती आली होती?”

“आली असती, तर परत जाता आलं नसतं,” लामारा म्हणाली. “मग दगड कुणी घेतला असता?”

हे मात्र मुलीनं सगळंच्या सगळं सांगितलं. साहेबानं खाली मान घालून काहीतरी लिहिलं, पासपोर्टमध्ये एक छापील कागद घातला आणि पासपोर्ट फटीतून परत सरकवला. मुलीनं पाठ केलेली दोन वाक्यं म्हटली. त्यात नियम होता, कलम होतं, आणि शेवटी नाही होतं. मग आपल्या मनानं ती म्हणाली, “मावशी, फोटो राहिला.”

लामारा भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. खिडकीशी आता झौरी उभा होता. झौरीचा आवाज शेताच्या या टोकाहून त्या टोकाला बोलायचा, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

“अमेरिकेला कशाला जाताय?”

“मला नाही जायचं. शेजारीण म्हणाली चल, म्हणून आलो.”

“किती दिवस राहणार?”

“द्राक्षं तोडायच्या आत परत आणून सोडत असाल तर येतो. नाहीतर राहू दे.”

“तिथं कोणी ओळखीचं?”

“हिचीच पोर आहे की. लहानपणी माझ्या खांद्यावर बसायची.”

लामारानं डोळे मिटून घेतले.

“परत याल हे कशावरून?”

झौरीला प्रश्न कळला नाही. मुलीनं पुन्हा सांगितला. तरी कळला नाही. “म्हणजे?” तो म्हणाला. “नाहीतर जाऊ कुठं?”

साहेब पहिल्यांदाच हसला. झौरीचा पासपोर्ट त्यानं ठेवून घेतला.

“मंजूर,” मुलगी म्हणाली.

“काय मंजूर?” झौरी म्हणाला.

परतीच्या मिनीबसमध्ये झौरी खिडकीकडं तोंड करून बसला होता, कुणाच्या तरी खिशातलं चोरल्यासारखा. अक्रोडाच्या माळांची पिशवी दोघांच्या मध्ये होती. एकीचा अर्धा भाग पहारेकऱ्यानं खाल्लेला.

“मी जाणार नाही,” गाव दिसायला लागलं तेव्हा झौरी म्हणाला.

“जाशील.”

“त्यांनी माणूस चुकीचा निवडला, लामारा.”

“ते मलाही दिसतंय. पण निवडलाय तर जा. तिच्या डोक्यावरून हात फिरव. माझा म्हणून.”

त्या रविवारी लामारानं इर्माला सगळं सांगितलं. इर्मा आधी हसली, मग रुमालात तोंड लपवून बराच वेळ तशीच राहिली. शेवटी म्हणाली, काकाला पाठव. पण तिला सुट्टी मिळणार होती एकाच आठवड्याची, म्हातारीला तिची लेक नेणार होती तेव्हाची. आणि तो आठवडा नेमका द्राक्षतोडणीचा.

“मी खिडकीतल्या त्या पोराला शब्द दिलाय,” झौरी म्हणाला. “तोडणीच्या आत येतो म्हणालो. माझं खोटं ठरेल.”

“माझं ठरलं तेवढं पुरे नाही का?” लामारा म्हणाली. “तुझी द्राक्षं मी तोडते. तू जा.”

तिनं त्याच्या पिशवीत अक्रोडाच्या माळा भरल्या, आंबट आलुबुखाऱ्याची चटणी भरली, चीजचा मोठा गोळा भरला आणि सगळ्यात खाली घडी घालून निळा झगा ठेवला. झौरी गेला. लामारा परत काळ्यात आली, रुमाल घट्ट बांधला आणि त्याच्या मळ्यात उतरली. द्राक्षं तोडली, वाहिली, तुडवून घेतली, रस मोठ्या मातीच्या रांजणात भरला. त्सिआलाही मदतीला आली.

“हे बरंय तुझं,” टोपली उचलताना त्सिआला म्हणाली. “लग्नाआधीच सासर.”

लामारानं दुसरी टोपली उचलली. झाकण लावण्यापूर्वी रांजणात वाकून तिनं वास घेतला. वर्ष चांगलं होतं. झौरीनं ते पाहिलं नव्हतं.

तो परतला तेव्हा मळ्याची पानं पिवळी पडली होती. बसमधून उतरला तो थेट लामाराकडंच आला. चीज विमानतळावरच काढून घेतल्याचं त्यानं फाटकातूनच सांगून टाकलं, म्हणजे तेवढं तरी मनावरचं उतरेल. लामारा स्वयंपाकघरात होती. तो दाराकडं वळला, तर दार बंद.

“तिथंच थांब,” ती आतून म्हणाली. “खिडकीशी.”

टेबलावर मेणकापड होतं, सुरई होती, एक प्याला होता, आणि गरम पोळी झाकून ठेवलेली होती. लामारा आपल्या खुर्चीवर बसली. तिनं जाळीचा पल्ला ओढून घेतला.

“नाव?”

“लामारा, मी दोन दिवस प्रवासात आहे गं.”

“नाव?”

झौरीनं टोपी काढली. “झौरी.”

“अमेरिकेत तुमचं कोण आहे?”

“इर्मा.”

“भेटली?”

“भेटली. विमानतळावर आली होती. डोक्यावरून हात फिरवला. तुझा म्हणून सांगितलं.”

लामारानं खाली बघितलं. मेणकापडावरचा एक जुना गोल तिनं अंगठ्यानं पुसून पाहिला. तो पुसला गेला नाही.

“राहते कुठं?”

“स्वतःच्या घरात. दोन खोल्या आहेत. खिडकीतून झाड दिसतं,” झौरी एका दमात म्हणाला.

“कसलं झाड?”

झौरी अडला. नुसत्या पानावरून वेलीची जात सांगणारा माणूस तो. “झाड,” तो म्हणाला. “मोठं आहे.”

“झगा?”

“बसला की. तिच्याच मापाचा शिवल्यासारखा.”

दोन्ही बाजूंची चार-चार बोटं लामाराला आठवली. पडद्याच्या पट्ट्या काढायच्या राहून गेल्या होत्या. तिनं जाळीतून झौरीकडं पाहिलं. टोपी दोन्ही हातांत धरून तो उभा होता, ओठ किंचित हलत होते, पुढचं उत्तर विसरू नये म्हणून मनात म्हणत असल्यासारखे. कुणीतरी त्याला नीट बसवून शिकवलं होतं. कुणी शिकवलं असेल, कुठल्या खोलीत, आणि तिथं खिडकी तरी होती का, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

“वेळेवर जेवते का?” तिनं विचारलं.

“जेवते,” झौरी म्हणाला. “रडत नाही.”

रडण्याचं लामारानं विचारलं नव्हतं.

वकिलातीतली ती मुलगी तिला आठवली. विचारलं तेवढंच पुढं सांगणारी, जास्तीचं वगळणारी. लामारानंही ते वगळलं. सुरईतून तिनं नव्या रसाची, अजून फसफसणारी वाइन प्याल्यात ओतली, थोडी मेणकापडावर सांडू दिली, तिच्यात प्याल्याचा तळ बुडवला आणि टेबलावर रिकामी जागा शोधून दाबला.

“मंजूर,” ती म्हणाली आणि दार उघडायला उठली. “आत ये आता. पोळी गार होतेय.”